फिरलेलं पाऊल

बुधरीची खाट गोठ्यात टाकलेली बघून डोमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन रे सुकलू, माय आहे न तुही?"

सुकलू आत यायलाही तयार नव्हता. "डोमाभाऊ, तिचं पाऊल पाहा. फिरून राह्यलं. काल इतकं नव्हतं."

पाऊल फिरलेली बाई माणसात राहत नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

डोमानं उभ्या जन्मात बैलांची आणि माणसांची हाडंच बसवली होती. त्यानं बुधरीला सरळ निजवलं आणि दोन्ही टाचा जुळवल्या. डावा पाय दोन बोटं आखूड, पंजा बाहेर कललेला. खुब्यावर हात ठेवताच ती कळवळली.

"कशी पडलीस, बाई?"

"मोहाच्या झाडाखाली उभी होती मी. महिन्यापासून जांघेत दुखतच होतं. आतून कट् आवाज आला. मंग पडली."

म्हातारं हाड कधीकधी असं उभ्याउभ्या मोडतं, हे डोमाला ठाऊक होतं. पोळ्यापासून त्याचीही जांघ दुखत होती, पण हे तो कुणाला बोलला नव्हता.

बाहेर येऊन तो जमलेल्या गावाला म्हणाला, "भूतबित काही नाई. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसते. त्या गोळ्याखालची मान मोडली, म्हणून पाय आखूड झाला अन् फिरला. हे माह्या हातचं नाई. चांद्याच्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात. उचला खाट, मोटारीपर्यंत नेऊ. इथी राह्यली तर मरन ते."

सुकलू आला. त्याच्यामागून आणखी दोघं कसेबसे आले. चौथा काही येईना. अख्खं गाव हाताची घडी घालून उभं होतं आणि म्हातारीचा जीव एका खांद्यासाठी अडला होता. डोमाला गावाची लाज वाटली. त्यानं हातातली टेकायची काठी फेकली.

"सरका. मी धरतो."

खाट उचलली गेली. डोमानं पाऊल टाकलं.

कट्.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. तिघं खाट टाकून मागं सरले. डोमा पडल्यापडल्या ओरडत होता, "हाड आहे रे! हाडच मोडलं!" पण त्याच्या तोंडाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे त्याच्या पावलाकडं बघत होते. ते हळूहळू बाहेरच्या अंगाला कलत होतं.

सांजेला गोठ्यात दोन खाटा होत्या.