ऑर्टविनची रेल्वे

ऑर्टविनने चाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले होते. त्यामुळे निवृत्तीनंतर जर्मनीतल्या कासेलहून व्हेनिसला जायचं ठरलं, तेव्हा त्याने बायकोला, गुद्रुनला, आधीच बजावलं, "रेल्वेने जायचं. अगदीच अडलं तर मोटार भाड्याने घेऊ, चालवायला मी आहेच. पण बसमध्ये मी मेलो तरी पाय ठेवणार नाही."

गुद्रुनला बसच हवी होती. पण या वेळी ती चक्क भांडली नाही. "बरं बाबा, रेल्वे तर रेल्वे," म्हणत स्वतःच जाऊन तिकिटं घेऊन आली.

ऑर्टविन डब्यातलं दुसरं उकडलेलं अंडं सोलत होता, तेवढ्यात आल्प्सच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि घोषणा झाली. पुढे रुळांचं काम चालू होतं; घाट बसने ओलांडायचा होता.

"रेल्वेच्या तिकिटावर चालते ना? मग ही रेल्वेच," असं शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकवून ऑर्टविन बसमध्ये टेकला. तिसऱ्या वळणावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. गुद्रुनने पर्समधून उलटीवरची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"घे. मी माझी मघाशी गाडीतच घेतली."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तिकिटं काढतानाच खिडकीवरच्या बाईने सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू मोटार भाड्याने घेतली असतीस," गुद्रुन म्हणाली, "आणि चालवायला तू होतासच."