शालीतलं आपोर्ट

यंदाचं आपोर्ट सफरचंद कुणाला सांगून पटणार नाही, असं सेरगाझीनं बायकोच्या खाटेशी बसता बसताच जाहीर केलं. एक फळ उतारावरून गडगडत मेंढवाड्यात शिरलं, तर मेंढ्यांनी नवा मेंढा समजून त्याला वाट करून दिली. दुसरं एका बकरीनं खायला घेतलं. ती पोखरत पोखरत आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली ती करडू घेऊनच.

उमसिन पडल्या पडल्या हसली. दुधाचा चहा ओतणारी शेजारीण राबिगाही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. सेरगाझीनं तिच्याकडे डोळे वटारले.

उन्हाळ्यात उमसिन अल्माटीच्या इस्पितळात होती, तेव्हा उतारावरची सगळी बाग बंगल्यांसाठी साफ झाली. उमसिनचं झाडही गेलं. रानसफरचंदाच्या रोपावर ते कलम तिनं लग्नाच्या वर्षी स्वतः बांधलं होतं. पुढे मूल झालं नाही. झाडालाच ती ‘पोरा’ म्हणायची. ती घरी यायच्या आत सेरगाझीनं खाट बागेकडच्या खिडकीपासून उचलून चुलीकडच्या भिंतीला लावली. उठवत नव्हतंच तिला. मग रोज बागेची एक नवी थाप.

पण गोष्टी पुरे झाल्या, आता फळ दाखव, असा तिनं हट्ट धरला. सेरगाझीनं बाजारातलं सगळ्यात थोराड, लालभडक फळ आणलं. परदेशी, मेणानं चकाकणारं, आणि वास म्हणाल तर पाण्याला जास्त. त्यालाही त्याच्याकडे तोड होती. दर हिवाळ्यात आपोर्ट ठेवून ठेवून घरातल्या कपड्यांच्या पेटीत वास असा भिनला होता, की झाकण उघडलं की खोलीभर बाग. मेण धुऊन त्यानं ते फळ उमसिनच्या लग्नातल्या शालीत गुंडाळलं आणि आठवडाभर पेटीच्या तळाशी दडपलं. आज बाहेर काढलं तेव्हा क्षणभर तो स्वतःच फसला.

उमसिननं फळ दोन्ही हातांत घेतलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. राबिगाची किटली हवेतच थांबली.

“शालीत ठेवलं होतंस?”

“मग आणखी कुठे ठेवतात, म्हातारे? नेहमीसारखंच.”

“आपोर्ट ठेवलं की शालीला त्याचा वास लागतो,” ती म्हणाली. “ह्याला माझ्या शालीचा लागलाय.”

सेरगाझीनं तोंड उघडलं. मेंढ्या आठवल्या, बकरी आठवली. त्यानं फळ परत घ्यायला हात पुढे केला.

उमसिननं फळ परत दिलं नाही. ते तसंच छातीशी धरून ती भिंतीकडे वळली.

“म्हाताऱ्या,” तिनं भिंतीलाच विचारलं, “पोराला पाडलं, तेव्हा फळं धरली होती का रे?”