तुटक रेघ

“तो शर्ट नको बाबा, अर्ध्या बाहीचा घाला.”

सुताराने आरशातूनच मुलीकडे पाहिलं. “मला कोण बघतंय तिथे? तुझ्या आईने घेतलेला आहे हा. आज हाच.”

“घाला मग. नंतर कुरकुर करू नका.”

घरात तिला ठमी म्हणत. तिशी आली तरी ते नाव सुटलं नव्हतं. तिने कुलूप लावलं आणि दोघं चालत निघाले. ठमी भरभर चालत होती, मजेत होती. बायको गेल्यापासून सुताराची चाल मंदावली होती, पण आज तर त्याचा पायच उचलत नव्हता.

मागच्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली होती, “स्तनाचा कॅन्सर घराण्यातून चालत येतो का, ते हल्ली रक्तावरून कळतं. मी वेळ घेतलीय. तुम्ही यायचं.”

“मी येऊन काय करू? बायकांचं काम ते.”

“तुम्ही नसाल तर जाण्यात अर्थच नाही. आणि काही निघालं, तर पुढचं सगळं वेळेवर करायचं. आईच्या वेळी उशीर झाला. आता नाही.”

पुढचं सगळं म्हणजे काय, ते सुताराला ठाऊक होतं. गल्लीच्या टोकाला एक शिक्षिका राहायची. तिची आई आणि मावशी याच आजाराने गेल्या, तिच्याही रक्तात दोष निघाला, तेव्हा तिने विचार करून दोन्ही स्तन काढून घेतले. आता ती निर्धास्त होती. तिचं बरोबरच होतं.

पण ठमीचं माप वेगळं होतं, आणि ते जगात फक्त त्याला माहीत होतं. ठमी त्यांच्या पोटची नव्हती.

अंगावर दूध पिण्याच्या वयाची असताना त्यांनी तिला घरी आणलं होतं. योग्य वेळी सांगू, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. योग्य वेळ आलीच नाही, आणि मग बायकोच गेली. आता डॉक्टर म्हणणार, आईला झाला, आईच्या आईला झाला. तेवढ्यावरून ठमीचा धोका मोजणार. रक्तात काही नाही निघालं, तरी त्यांची शंका राहणारच. चुकीच्या मापाने फळी कापली तर फळी वाया जाते. इथे पोरगी होती.

आज सांगायचंच. फक्त त्यानंतर ती ‘बाबा’ कशी म्हणेल?

“ठमे,” वळणावर तो म्हणाला, “लहानपणी तू शेडमध्ये माझी ड्रॉइंग बघत बसायचीस, आठवतं?”

“बघत कुठली? पेन्सिली चावत बसायचे.”

“तुटक रेघ म्हणजे काय, ते सारखं विचारायचीस.”

“सांधा आत आहे, बाहेरून दिसत नाही.” ती हसली. “तोंडी परीक्षा घेताय का? चला, आपला नंबर जाईल.”

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

दवाखान्यात बाकासमोर एक मोठं चित्र लावलं होतं. चार हसऱ्या बायका आणि त्यांच्यात एक मिशीवाला.

“हा कशाला घुसलाय यांच्यात?”

“खाली लिहिलंय ना. वाचा.”

“चष्मा घरी राहिला.”

“बरं झालं,” ठमी म्हणाली.

आत सल्ला देणाऱ्या बाई कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. “बायकांना गोल, पुरुषांना चौकोन,” त्या म्हणाल्या. “आधी वडिलांकडचं सांगा. बहीण आहे?”

“एक. थोरली,” सुतार म्हणाला. “तिलाही गेल्या वर्षी हाच आजार झाला, ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे. फोनवर मला झाडते.”

बाईंनी तो गोल काळा केला. या लांबून का येतायत, ते सुताराला कळेना. तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता. मग बायकोचा गोल आला, काळा झाला. त्याखाली ठमीचा, पांढरा. रेघ जोडायला पेन्सिल खाली सरकली.

“थांबा,” सुतार म्हणाला. “त्या रेघेबद्दल मला जरा...”

“ती तुटक काढा मॅडम,” ठमी म्हणाली.

सुतार तिच्याकडे नुसता बघत राहिला.

“आईने सांगितलंय मला, बाबा. शाळेत होते तेव्हाच. म्हणाली, त्यांना त्यांच्या वेळेने सांगू दे. पण तुमची वेळ काही येईना.” तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मग पिशवीतून एक पाकीट काढून बाईंसमोर सरकवलं. “हा आत्याचा रिपोर्ट. तिच्या रक्तात दोष निघालाय.”

बाईंनी मान हलवली. तुटक रेघ काढली. मग पेन्सिल वर नेऊन सुताराच्या चौकोनाशी एक लहानसा बाण काढला.

“हे कशाला?” सुताराने डोळे पुसत विचारलं.

“ज्याचं रक्त तपासायचं त्याला बाण; हा आजार पुरुषांनाही होतो,” बाई म्हणाल्या.

“बाही वर करा बाबा,” ठमी म्हणाली. “म्हणून सांगत होते, अर्ध्या बाहीचा घाला.”