मागे वळायचं नाही

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी तिची खोली धाकटीला मिळाली, आणि धाकटीला संगणकावरच्या एका खेळाचं वेड लागलं. ओसाड जगात रिकाम्या हातांनी उतरायचं, लाकूड तोडायचं, खाणी खणायच्या आणि शेवटी ड्रॅगन मारायचा. लोक त्यात महिनोन्‌महिने घरं बांधत बसतात. हिला सगळं अर्ध्या तासात उरकायचं होतं.

आजोबांचा जन्म धावण्याच्या शर्यतींत वेळ मोजण्यात गेलेला. जुनं स्टॉपवॉच घेऊन ते तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसत. "धावणारा मागे वळला की शर्यत गेली," हा त्यांचा एकच धडा. तो अंगवळणी पडावा म्हणून मुद्दाम हाका मारत. "सुसाटबाई, दूध उतू गेलं गं!" ती वळली की खो-खो हसत. "फसलीस! टाक ते जग, घे नवं."

महिनाभरात ती वळेनाशी झाली.

एका गुरुवारी दुपारी ती आगीच्या नदीकाठून पळत होती. "सुसाट, पाणी दे गं," आजोबा हळूच म्हणाले.

"आज नाही फसायची मी!"

आणखी एकदा हाक आली. मग नाही आली.

ड्रॅगन कोसळला. "थांबवा, आजोबा! अर्ध्या तासाच्या आत झालं!" असं ओरडत ती वळली.

स्टॉपवॉच त्यांच्या मुठीत आधीच थांबलेलं होतं.



आजोबा गेले त्या गुरुवारी दुपारी, शर्यतीच्या चौदाव्या मिनिटाला.