फाटकापलीकडचं बारसं

"आज फाटक बंद," शिपायाने बंदूक आडवी धरली. "एकजुटीचा कार्यक्रम आहे."

आक्पेनेला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. घानाच्या हद्दीवरच्या आफ्लाओच्या या फाटकातून ती रोज टोमॅटोची पाटी घेऊन पलीकडे टोगोतल्या लोमेला जायची. आज पाटी नव्हती, भावाच्या मुलीचं बारसं होतं. तारेपलीकडे त्याचं घर दिसत होतं. बारशाची रीत अशी, छपरावर पाणी फेकायचं, आत्याने बाळाला वळचणीखाली धरायचं, थेंब अंगावर पडले की आत्यानेच नाव घ्यायचं. थेंबाखाली घेतलेलं नाव पुन्हा बदलत नाहीत. आणि नाव तिने मनात कधीचं ठरवलं होतं, अजून कुणाला सांगितलं नव्हतं, एन्योनाम. तिच्या मेलेल्या आईचं.

"अरे बाबा, उन्हं चढायच्या आत नाव ठेवायचंय. जाते नि येते."

"मावशी, इथं अख्खी आफ्रिका एक होतेय, आणि तुम्हाला बारशाची पडलीय!"

"होऊ दे की एक," शेजारी मक्याचे उकडलेले केंके विकणारी बाई म्हणाली. "आमच्या पोरांना पलीकडे कामधंदा मिळेल."

"आधी मला तर पलीकडे जाऊ दे!" आक्पेनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फाटकाजवळ घातलेल्या मंडपात मंत्री उभे राहिले. गोऱ्यांनी आखलेल्या रेघा आपण पुसून टाकू, म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी आज त्याच रेघेवर दुप्पट पहारा होता, मेल्यांना लाजही वाटत नव्हती.

तिकडे भाऊ वाट बघून थकला. छपरावर पाणी गेलं. बाळाला शेजारणीने धरलं. भावाने कानामागे हात धरून इकडे पाहिलं. नाव सांग!

आक्पेनेने तार मुठीत धरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "एन्योनाम!"

नेमका तेव्हाच तिच्या डोक्यावर खांबाला टांगलेला मंडपाचा भोंगा गरजला, "डेकावोवो!" एकजूट! मंडपातल्या शाळकरी पोरांनी तोच शब्द पुन्हा पुन्हा घोकला.

भावाने मान डोलावली. थेंबांखाली वाकून तो बाळाच्या कानाशी लागला.

"अरे, ते नाही रे! ते नाही!"

पलीकडे बायका टाळ्या पिटत गाऊ लागल्या, "डेकावोवो, डेकावोवो."

"झकास नाव ठेवलंत, आत्याबाई!" शिपाई खूश झाला.

"मी कुठं ठेवलं?" आक्पेने किंचाळली. "तुमच्या भोंग्यानं ठेवलं! विचारा त्याला, पोरीचं तोंड तरी बघितलंय का त्यानं!"