क्रमांक नसलेले हेल्मेट

“एकच वाक्य आहे, मॅडम,” मार्केटिंगप्रमुख म्हणाले. “‘आमचं हेल्मेट जीव वाचवतं, हे मी स्वतः सांगते.’ कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं, संपलं.”

सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या प्रमुखांची योजना सरळ होती: जाहिरातीत नट नकोत, कंपनीची माणसेच हवीत. दोनशे बारा कर्मचाऱ्यांनी ते वाक्य म्हटले होते. पॅकिंगमधल्या मामांनी तर दुचाकी चालवता येत नसताना डोळ्यांत पाणी आणून म्हटले. उरली होती एकटी चाचणी विभागातली परीक्षक. चाचणी घेणारीच गप्प राहिली, तर विक्रेते समजायचे ते समजतील, ही प्रमुखांची धास्ती होती.

“या वर्षी मी चाळीस हेल्मेटं आपटून तपासली,” ती म्हणाली. “एकोणचाळीस टिकली. तेवढं सांगते.”

“चाळिसाव्याचं काय?”

“तेही सांगते.”

प्रमुखांनी कपाळ चोळले.

“पोरी, जीभ झिजते का?” मामा कळवळून म्हणाले. घरी आईनेही हेच सुनावले होते. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होते.

ती उजवा पाय किंचित ओढत फळीपाशी गेली. तिथे तपासलेली हेल्मेटे ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर पिवळ्या रंगात क्रमांक. टोकाचे एक मात्र बिनक्रमांकाचे, कानापासून माथ्यापर्यंत तडकलेले. चित्रीकरणात ते दिसू नये म्हणून प्रमुखांनी दोनदा हलवले होते. दोन्ही वेळा तिने ते मुकाट्याने जागेवर आणून ठेवले होते.

दुपारी तिच्यापुढे पर्याय आला: वाक्य किंवा राजीनामा. राजीनाम्याचा मसुदा तयारच होता. तिने तो पूर्ण वाचला, त्यातली तारखेची चूक दुरुस्त केली आणि सही केली.

“स्वतःच्या मालावर विश्वास नसलेली माणसं इथं नकोतच,” प्रमुख म्हणाले. मग त्यांनी मामांकडे वळून फळीच्या टोकाकडे बोट केले. “आणि ते नापास झालेलं आधी भंगारात टाका.”

मामांच्या आधी तिने ते उचलले.

“हे आपल्याच कारखान्यातलं, पण कंपनीचं नाही, माझं आहे. गेल्या वर्षी मला ट्रकनं उडवलं, तेव्हा माझ्या डोक्यावर होतं.” दारात ती क्षणभर थांबली. “पण नमुना एकच आहे. एका नमुन्यावरून मी विधान करत नाही.”