मधल्या दगडावर

परदेशी सहलीत सकाळी जुन्या बायझंटाइन चर्चमधली चित्रं बघताना लिमयेकाकूंनी विचारलंच, "कुमुदताई, हे वामनराव तुमचे कोण हो?"

"शेजारी," कुमुदताई म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वी, साठीत, त्याच शेजाऱ्याशी लग्न केलं होतं. पण सांगायला जीभ रेटेना. ऐकून वामनराव पुढच्या चित्राकडे निघून गेले.

दुपारी ग्रीक नाट्यगृहात गाइड म्हणाला, "मधल्या दगडावरून बोललेलं शेवटच्या पायरीवर ऐकू जातं."

"कुणीतरी उखाणा घ्या गं," बायका हसल्या.

वामनराव वर एकटेच बसले होते. कुमुदताई पर्स काकूंकडे देऊन दगडावर उभ्या राहिल्या.

"हजारो वर्षांचे दगड, अजून झेलतात आवाज,
वामनरावांचं नाव घेते, कशाला धरू लाज."

वामनराव भराभर खाली आले. "सरका जरा," आ वासलेल्या काकूंना ते म्हणाले, "बायकोचा फोटो काढायचाय."